बँड रेकॉर्ड करायचाय, मग रेकॉर्डर कुठला?

रेकॉर्डरचे रिव्ह्यू बघायला बसलं की तोच प्रकार हमखास दिसतो. बंद खोली, टेबलावर रेकॉर्डर, समोरचा माणूस सावकाश बोलतोय, मग किल्ल्या वाजवून दाखवतोय, मग एकदम गप्प बसतो आणि सांगतो, ऐका, मागची हिस, म्हणजे मशीनची स्वतःची बारीक सूंसूं, किती कमी आहे. आपणही मान डोलावतो. पण बँडवाले काही किल्ल्या वाजवत नाहीत. ड्रमर पहिल्या गाण्यात हात मोकळे करतो, दुसऱ्या गाण्यात गिटारवाला अँपचा नॉब ‘थोडासाच’ वर नेतो, मग बेसवाल्याला स्वतःचं ऐकू येईनासं होतं म्हणून तोही वाढवतो, आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत साउंडचेकला ठरवलेल्या सगळ्या लेव्हल्सचा पार बोऱ्या वाजलेला असतो. असल्या ठिकाणी प्रीअँपची (माईकचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या भागाची) हिस किती कमी आहे हे विचारतो कोण?

मी हे हौसेखातर करतो. मित्रांचे बँड, त्यांच्या ओळखीतले बँड, कोणी बोलावलं की रेकॉर्डर आणि स्टँड उचलून जायचं, पैसे कोणी देत नाही आणि मीही मागत नाही. त्यामुळे ‘कुठला घेऊ रे?’ हा मेसेज मला सारखा येतो, सोबत चार मॉडेल्सच्या लिंका, आणि प्रश्न असतो की यातल्या कोणाचा आवाज जास्त क्लिअर आहे. मी उलट विचारतो, मोठ्या आवाजाला यातलं कोण टिकतं ते बघितलंस का? बहुतेकांनी बघितलेलं नसतं. त्यांचीही चूक नाही म्हणा, तो आकडा जाहिरातीत पुढे नसतोच, मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतो.

आधी हिसचा विषय संपवून टाकतो. १६ बिटच्या फाईलमध्ये सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंत साधारण ९६ डेसिबलची रेंज मिळते, २४ बिटमध्ये कागदावर १४४. आता चालू कार्यक्रमात गाणं थांबलं तरी लोकांची बडबड, पंखे, एसी, अँपचा हम हे सगळं मिळून खोलीचीच पातळी एवढी वर असते की रेकॉर्डरची स्वतःची हिस त्याखाली कधीच गाडली गेलेली असते. पक्ष्यांचे आवाज किंवा पावसाची रिपरिप पकडायची असेल तर हिस बघा, जरूर बघा, ती माणसं त्यासाठी जास्तीचे पैसे मोजतात ते उगाच नाही. पण बँडसाठी तो आकडा वाचून झाला की विसरून जा.

खरी भानगड वरच्या टोकाला असते. आवाज रेकॉर्डरमध्ये शिरल्यापासून फाईल होईपर्यंत तो तीन ठिकाणी फाटू शकतो: माईकच्या कॅप्सूलमध्ये (आवाज झेलणाऱ्या भागात), प्रीअँपमध्ये, आणि शेवटी डिजिटल होताना कन्व्हर्टरमध्ये. स्क्रीनवरचा मीटर यातलं फक्त शेवटचं दाखवतो. म्हणजे लाल लाइट लागला नाही म्हणून आपण निवांत, आणि तिकडे कॅप्सूलनेच हात टेकलेले. हे फाईलमध्ये कसं दिसतं ते एकदा नीट बघून ठेवण्यासारखं आहे. एडिटरमध्ये वेव्हफॉर्म उघडा आणि किक ड्रमच्या (पायाने वाजवतात तो मोठा ड्रम) एका ठोक्यावर झूम करत करत जा. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये लाट चढते, वर गोलसर वळते आणि उतरते. फाटलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तिचं डोकं सुरीने कापल्यासारखं सपाट असतं. सगळ्यात वरच्या, शून्य डेसिबलच्या रेषेला टेकून सपाट असेल तर समजायचं गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची लेव्हल, जास्त होता. पण डोकं उणे दहा डेसिबलवर, म्हणजे वर भरपूर जागा मोकळी असताना सपाट झालं असेल, तर मामला गेनच्या आधीच बिघडलाय, आणि तुम्ही गेन कितीही खाली नेलात तरी तेवढंच सपाट डोकं फक्त छोटं होऊन मिळणार.

म्हणून तो बारीक अक्षरातला आकडा बघायचा, मॅक्झिमम एसपीएल, म्हणजे माईक न फाटता झेलू शकतो तो सगळ्यात मोठा आवाज. रेकॉर्डर बनवणाऱ्या झूम कंपनीच्या एच१एनला तो १२० डेसिबल आहे, त्यांच्याच एच५च्या पुढच्या माईक जोडीला १४०. वीस डेसिबल म्हणजे किती, तर हवेच्या दाबात दहापट. आता कोणी म्हणेल की बाबा, मी मोबाईलवर मीटर लावून बघितला, आमच्या इथे १०० च्या आसपासच असतं, मग १२० पुरे की. ते १०० सरासरी असतात हो. स्नेअर ड्रमचा फटका क्षणभर त्या सरासरीच्या पंधरा-वीस डेसिबल सहज वर जातो, आणि तुम्ही स्टेजला चिकटून उभे असाल तर आणखीच. मागे मिक्सरपाशी उभे असाल तर १२० वाला बिचारा निभावून नेतो. सरावाच्या छोट्या खोलीत, ड्रमपासून चार पावलांवर, त्याची परीक्षाच असते.

(जाता जाता कानाचंही सांगतो. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेचा हिशोब असा की ८५ डेसिबल आठ तास चालतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. इअरप्लग घाला. रेकॉर्डरला कॅप्सूल बदलून मिळते, आपल्याला नाही.)

मग ३२ बिट फ्लोटचं काय, हा पुढचा प्रश्न ठरलेला. २०१९ ला झूमचा एफ६ आला तेव्हा ही फिल्मवाल्यांची चैन वाटायची, आता २०२४ पासून झूमच्या इसेन्शियल मालिकेत अगदी हातातल्या छोट्या रेकॉर्डरमध्येही ते आलंय, टास्कम या दुसऱ्या कंपनीच्या पोर्टाकॅप्चर एक्स८ मध्येही आहे. साध्या भाषेत, आत दोन कन्व्हर्टर असतात, एक हळू आवाजासाठी आणि एक मोठ्यासाठी, आणि दोघांचं मिळून अशा पद्धतीने लिहिलं जातं की मीटर शून्याच्या वर गेला तरी नंतर घरी बसून लेव्हल खाली ओढली की लाटेचं डोकं शाबूत सापडतं. बऱ्याच मॉडेल्समध्ये तर रेकॉर्डिंगचा गेन नावाची गोष्टच उरलेली नाही, चालू करा आणि बाजूला व्हा.

माझं मत विचाराल तर बँडसाठी ही सोय खरोखर उपयोगाची आहे, कारण साउंडचेकला जसं वाजवतात तसं शोमध्ये वाजवणारा बँड मला अजून भेटायचाय. पण त्याला जादू समजू नका. फ्लोट फक्त तिसऱ्या ठिकाणचं, कन्व्हर्टरचं फाटणं थांबवतो. कॅप्सूल आधीच गुदमरली असेल तर तो ते गुदमरणं अत्यंत इमानदारीने, पूर्ण ३२ बिटमध्ये लिहून ठेवतो. फोरकास्ट न बघता छत्री विकत घेतल्यासारखा सरसकट फ्लोटवाला घेणारे लोक इथेच फसतात, डब्यावर फ्लोट लिहिलंय ना, झालं तर मग.

आणि फ्लोट नाही म्हणून काही अडतही नाही. २४ बिटवर लावा, साउंडचेकच्या सगळ्यात मोठ्या आवाजाला मीटर उणे १२ डेसिबलच्याही थोडा खालीच राहील असा गेन ठेवा, आणि मग त्याला हात लावू नका. वर जागा सोडल्याने क्वालिटी जाते ही १६ बिटच्या काळातली भीती, ती अजून लोकांच्या डोक्यातून निघत नाही. जुन्या मशीनमध्येही यावर मस्त तोडगे होते. टास्कमच्या डीआर-४० मध्ये ड्युअल रेकॉर्डिंग असायचं, तोच आवाज एकाच वेळी दुसऱ्या फाईलमध्ये कमी लेव्हलवर लिहायचा, वरची फाटली तर खालची आहे. असा जुना, धडधाकट रेकॉर्डर कोणाकडे पडून असेल तर मी तोच घेऊन खुशाल शो रेकॉर्ड करीन.

एक मात्र सगळ्यात आधी बंद करायचं, ऑटो लेव्हल. कुठे एजीसी लिहिलेलं असतं, कुठे ऑटो गेन. मीटिंगमध्ये लांबच्या माणसाचं बोलणं ऐकू यावं म्हणून ही सोय केलेली, आणि बँडवर ती भयंकर वागते. किक पडली की सगळं गाणं खाली दबतं, मग हळूच वर येतं, परत किक, परत दबतं, असं वाटतं की कोणीतरी तालात व्हॉल्यूमशी खेळतंय. बॅलड असेल तर आणखी मजा, गायिका थांबली की लोकांच्या गप्पा फुगून वर येतात. फोनवर काढलेले बरेचसे व्हिडिओ असे ऐकू येतात ते याच्यामुळे, फोनचा माईक वाईट असतो असं नाही. लिमिटर वेगळा, तो फक्त फार मोठे फटके दाबतो, तो चालू ठेवायला हरकत नाही, पण तो रोज कामाला येत असेल तर गेन जास्त आहे असं समजा.

आता जागा. रेकॉर्डर कुठला यावर लोक महिनाभर विचार करतात आणि ठेवायचा कुठे यावर दोन मिनिटं, खरं तर उलटं हवं. या बाबतीत ग्रेटफुल डेड या बँडच्या चाहत्यांइतका अभ्यास कोणीच केला नसेल. हा बँड श्रोत्यांना रेकॉर्डिंग करू द्यायचा, आणि माईकच्या स्टँडचं जंगल एवढं वाढलं की १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी टेपर लोकांसाठी, म्हणजे या रेकॉर्डिंगवाल्यांसाठी, वेगळी जागाच काढून दिली, साउंडबोर्डच्या (मिक्सरच्या) मागे. त्या लोकांनी कॅसेट वापरल्या, मग १९८७ नंतर डॅट (डिजिटल टेप), मग मिनिडिस्क, मग हार्डडिस्क, मशीन बदलत गेली पण जागेचं शास्त्र फारसं बदललं नाही: दोन्ही स्पीकर आणि आपण मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा, माईक डोक्यांच्या वर असावा, भिंतीला आणि कोपऱ्याला चिकटून बसू नये. कोपऱ्यात बेस साचतो, गाणं ऐकताना ते बरंही वाटतं, पण घरी फाईल लावली की सगळं भोपळ्यासारखं गोल आणि फुगीर.

डोक्यांच्या वर याला दोन कारणं. एक, समोरच्या गर्दीचे कपडे आणि शरीरं वरच्या पट्टीचे आवाज खाऊन टाकतात, झांजा आणि शब्दांची धार तिथेच जाते. दुसरं कारण म्हणजे शेजारचा माणूस. तो असतोच. त्याला याच बँडचा पूर्वीचा शो आठवतो आणि त्याला ते मित्राला आत्ताच सांगायचं असतं. माईक आठ फुटांवर असेल तर त्याचं बोलणं पुसट होतं, छातीच्या उंचीवर असेल तर तोच तुमच्या रेकॉर्डिंगचा मुख्य गायक.

म्हणून रेकॉर्डर घेताना खालचं स्टँडचं भोक आहे का ते बघा, साध्या ट्रायपॉडचा पाव इंची आटा असला की काम होतं. आणि बाहेरचे माईक लावायची सोय. समोर कात्रीसारखे दिसणारे माईक असतात ना, ती एक्सवाय मांडणी, दोन्ही कॅप्सूल जवळजवळ एकाच जागी, त्यामुळे आवाज घट्ट आणि मध्यभागी येतो, मोनोमध्ये ऐकलं तरी बिघडत नाही. दोन माईकमध्ये अंतर ठेवलं तर जागा मोठी वाटते. फ्रेंच रेडिओवाल्यांची ओआरटीएफ ही मधली वाट, १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन, मला बँडसाठी तीच आवडते, पण ती बहुतेक छोट्या रेकॉर्डरच्या स्वतःच्या माईकमध्ये जमत नाही, दोन वेगळे माईक लागतात, त्यांना बहुधा ४८ व्होल्टची फँटम पॉवर (रेकॉर्डरने केबलमधूनच माईकला दिलेली वीज) लागते, म्हणजे तीन पिनांच्या एक्सएलआर सॉकेटवाला रेकॉर्डर आला, वजन आलं, बॅटरी लवकर संपणं आलं. हौस किती आहे त्यावर ठरवा.

बरं, सरळ मिक्सरमधूनच लाइन, म्हणजे स्पीकरला जातो तोच सिग्नल केबलने, घेतली तर? सगळ्यांना वाटतं हे बेस्ट. मोठ्या मैदानावर असेलही, छोट्या हॉलमध्ये ऐकलंत तर दचकाल. गायकाचा आवाज एकदम पुढे, अगदी श्वाससुद्धा, आणि गिटार कुठेतरी शेजारच्या घरात वाजतेय. कारण साधं आहे, छोट्या जागेत गिटारचा अँप आणि ड्रम आपल्या जोरावरच खोली भरतात, मिक्सरवाला त्यांना स्पीकरमध्ये देतच नाही किंवा नावाला देतो. म्हणजे मिक्सरमध्ये जे नसतं तेच खोलीत जास्त असतं. म्हणून चार ट्रॅकवाले रेकॉर्डर कामाचे, दोन ट्रॅकवर मिक्सरची लाइन, दोनवर स्वतःचे माईक, नंतर घरी दोन्ही मिसळायचे. मिसळताना लक्षात ठेवायचं की आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तुम्ही स्पीकरपासून वीस मीटरवर असाल तर माईकचा ट्रॅक लाइनच्या ५८ मिलिसेकंद मागे असतो, तेवढा पुढे ओढला नाही तर प्रत्येक स्नेअर दोनदा वाजतो. आणि हे दोन वेगवेगळ्या रेकॉर्डरवर केलंत तर आणखी एक डोकेदुखी, दोघांची आतली घड्याळं तंतोतंत सारखी नसतात, दहा लाखांत वीस भागांचा फरक असला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंद सरकतात. पहिलं गाणं जुळतं, शेवटचं जुळत नाही. एकाच मशीनमध्ये चार ट्रॅक असण्याचा खरा फायदा हा.

लाइन घेताना दोन गोष्टी न विसरता. रेकॉर्डरचं ते सॉकेट लाइन लेव्हल घेतं की फक्त माईक लेव्हल, हे मॅन्युअलमध्ये बघा, काही छोट्या मशीनमध्ये एक्सएलआर फक्त माईकसाठी असतं आणि मिक्सरचा तगडा सिग्नल तिथे दिला की सुरुवातीलाच फाटतो. आणि फँटम पॉवर त्या चॅनेलवर बंद आहे ना ते मिक्सरवाल्याने विचारण्याआधी बघा. त्याच्याशी गोडीत राहणं हे कुठल्याही प्रीअँपपेक्षा महत्त्वाचं आहे. आणि हो, बँडला आधी विचारायचं, नेहमी, ओळखीचा असला तरी.

शेवटी अंधार, ज्याबद्दल रिव्ह्यूमध्ये कोणी बोलत नाही. घरी टेबलावर सगळेच मेनू सोपे असतात. शोमध्ये लाइट गेलेले, एका हातात स्टँड, मागून लोक ढकलतायत, अशा वेळी रेकॉर्डिंग चालू झालंय का हे एका नजरेत कळलं पाहिजे. पुष्कळ रेकॉर्डरमध्ये रेकॉर्डचं बटण एकदा दाबलं की फक्त स्टँडबाय होतं, लाल लाइट लुकलुकतो, मीटर हलतो, सगळं चालू असल्यासारखं दिसतं, आणि फाईल मात्र बनत नसते. दुसऱ्यांदा दाबल्यावर लाइट स्थिर होतो आणि वेळेचे आकडे पळायला लागतात. बघायचे ते आकडे. मीटरवर विश्वास ठेवून दोन तासांचा शो हवेत गेल्याच्या गोष्टी टेपर लोकांत पैशाला पासरी मिळतात. होल्डचं बटण आहे का तेही बघा, गेनचं चाक बाहेर उघडं असेल तर बाहीच्या धक्क्याने फिरतं का, आणि ती चमकणारी स्क्रीन पूर्ण बंद होते का, नाहीतर मागचे लोक शिव्या घालतात.

बॅटरीचं थोडक्यात. डबल ए वर चालणारा मला बरा वाटतो, कारण त्या कुठेही मिळतात. चार्जिंगच्या वापरत असाल तर मेनूत निकेल मेटल हायड्राइड असं सांगून ठेवा, त्या १.२ व्होल्टच्या असतात आणि रेकॉर्डरला अल्कलाइन वाटल्या तर तो उगाच लवकर घाबरून बॅटरी संपल्याचं दाखवतो. कार्ड त्याच मशीनमध्ये फॉरमॅट करा. २४ बिट ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओला तासाला साधारण एक जीबी लागतो, फ्लोटला १.४ च्या आसपास, त्यामुळे कार्डाची चिंता आता कोणी करत नाही. ९६ किलोहर्ट्झच्या नादी लागू नका, जागा दुप्पट जाते आणि त्यातलं जास्तीचं वटवाघळांसाठी असतं.

आणि मॉडेल ठरलंच असेल तर परत करायची मुदत असेपर्यंत एक चाचणी करून टाका. घरात बोलून बघण्यात अर्थ नाही. कुठल्या तरी बँडच्या सरावाला जा, रेकॉर्डर ड्रमपासून दोन हातांवर ठेवा, गेन सगळ्यात खाली, आणि ड्रमरला सांगा की जेवढ्या जोरात वाजवता येईल तेवढं वाजव, तो आनंदाने वाजवेल. घरी येऊन फाईल उघडा, फ्लोटची असेल तर आधी लेव्हल खाली आणा, आणि एकेका ठोक्यावर झूम करून लाटांची डोकी बघा. गोल असतील तर ठेवून घ्या. सपाट असतील तर डब्यात भरून परत पाठवा, डब्यावर काहीही लिहिलेलं असो.